तोरू मिउरा आणि जपानची बँडपरंपरा

तोरू मिउरा हे जपानचे नावाजलेले युफोनियमवादक. युफोनियम म्हणजे ट्यूबासारखे दिसणारे, पण आकाराने लहान असे पितळी फुंकवाद्य. तोक्यो कोसेई विंड ऑर्केस्ट्रात, म्हणजे मुख्यतः फुंकवाद्यांच्या वाद्यवृंदात, त्यांनी दीर्घकाळ वादन केले, एकलवादक म्हणून नाव मिळवले आणि कुनिताची संगीत महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून विद्यार्थी घडवले. वादन आणि अध्यापन दोन्ही एकाच माणसाने करावे, यात आवडीचा भाग असेलच. पण त्याहून मोठे कारण त्या वाद्याच्या स्थितीत आहे. सिंफनी ऑर्केस्ट्रात युफोनियमला कायमची जागा नाही. ट्रम्पेट किंवा ट्रोम्बोन वाजवणाऱ्याला तेथे जी पगारी नोकरी मिळू शकते, ती या वादकाच्या नशिबी नसते. त्याला बँड आणि शिकवणे यांवरच उभे राहावे लागते. (आपल्याकडच्या लग्नाच्या बँडमध्येही हे वाद्य असते, नाव मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते.)

जपानमध्ये बँड आला तो लष्कराच्या वाटेने. १८६९ मध्ये सात्सुमाच्या सरदारघराण्याने सुमारे ३० तरुण योकोहामाला धाडले आणि ब्रिटिश बँडप्रमुख जॉन विल्यम फेंटन यांनी त्यांना म्योकोजी मंदिरात शिकवायला सुरुवात केली. लंडनहून मागवलेली वाद्ये पुढच्या वर्षी पोहोचली. तोवर स्वरलेखन, बिगुल आणि ढोल यांवरच भागवावे लागले. पुढे नौदलाला जर्मन आणि भूदलाला फ्रेंच शिक्षक मिळाले.

शाळांमध्ये बँड रुजण्यात स्पर्धेचा वाटा फार मोठा आहे. अखिल जपान बँड संघटना १९३९ मध्ये स्थापन झाली, १९४० मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, युद्धामुळे ती थांबली आणि १९५६ मध्ये पुन्हा सुरू झाली. नेमून दिलेली रचना आणि स्वतः निवडलेली रचना, दोन्ही मिळून १२ मिनिटांत सादर करायच्या, असा कडक नियम आहे. त्या १२ मिनिटांसाठी मुले महिनोन्‌महिने शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गांत आणि व्हरांड्यांत एकेक स्वर लांबवत बसतात.

व्यावसायिक पातळीवर हीच परंपरा पुढे नेणारे तोक्यो कोसेई विंड ऑर्केस्ट्रा १९६० मध्ये रिश्शो कोसेई-काई या बौद्ध संस्थेने उभे केले, आणि १९८४ मध्ये अमेरिकी वाद्यवृंद-संचालक फ्रेडरिक फेनेल तेथे आल्यावर त्याची ख्याती देशाबाहेर पसरली. मिउरांचे उच्च शिक्षणही अमेरिकेतच, सदर्न मिसिसिपी विद्यापीठात रेमंड यंग यांच्याकडे झाले, हे मला योगायोगाचे वाटत नाही: विद्यापीठात बँडला मानाचे स्थान देणारा देश तोच होता.

जपानी शाळेत बँडची जबाबदारी पुष्कळदा गणिताच्या किंवा भाषेच्या शिक्षकाकडेही असते. ओठांची ठेवण, श्वास, झडपांवरची बोटे हे बारकावे शिकवायला मग बाहेरून वादक बोलावले जातात, आणि त्यांच्यातले कितीतरी जण कुनिताचीसारख्या संगीत महाविद्यालयांतून शिकून आलेले असतात.