सोळाचा घन आणि आपली ओळख

२०२४च्या सुरुवातीला हाँगकाँगमधून एक बातमी आली. अरूप या अभियांत्रिकी कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर वरिष्ठांचं ऐकून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर भलत्याच खात्यांत पाठवले. कॉलवरचे वरिष्ठ एआयने तयार केलेले होते. गंमत अशी, की आधी आलेल्या ईमेलचा या कर्मचाऱ्याला संशय आला होता. ओळखीचे चेहरे दिसले आणि तो फिटला.

अशा बातमीखाली 'नीट निरखून पाहायला हवं होतं' असा सल्ला हमखास असतो. नकली चेहऱ्याच्या पापण्या लवत नाहीत, हे २०१८मध्ये खरंच उपयोगी निरीक्षण होतं. पुढे पापण्या लवू लागल्या. मग बोटं मोजा, मान वळवायला सांगा! हे आता शकुन-अपशकुनाच्या वळणावर गेलंय. 'डीपफेक', म्हणजे एआयने बनवलेले असे नकली चेहरे-आवाज, 'हमखास ओळखणारं' ॲप विकणाऱ्यांचं तर बोलायलाच नको.

मुळात चेहरा आणि आवाज आपण दिवसभर सगळ्यांना दाखवत, ऐकवत असतो. जे जगजाहीर आहे त्याची नक्कल होणारच. पासवर्ड गुप्त असतो, पण सिद्ध करताना तो सांगावा लागतो आणि सांगितला की समोरच्याच्या हाती पडतो. मग गुपित न सांगता ते आपल्याकडे आहे हे पटवता येईल का?

येतं, आणि हे गणित मला फार आवडतं. डिफी आणि हेलमन या संशोधकांनी १९७६मध्ये कल्पना मांडली, १९७७मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ती चालवून दाखवली. छोटे आकडे घेऊन करून पाहू.

३ आणि ११ या मूळ संख्या. गुणाकार ३३. दोन्हींतून एकेक वजा करून गुणलं, की २ × १० = २०. आता असे दोन आकडे हवेत, की त्यांच्या गुणाकाराला २०ने भागल्यावर बाकी १ उरेल. ३ आणि ७ चालतात. ३३ आणि ३ मी जाहीर करतो, ७ लपवतो.

तुम्ही मला मनात येईल तो आकडा द्या. समजा, ४. मी ४चा सातवा घात काढतो, १६३८४. त्याला ३३ने भागून उरलेली बाकी, १६, तुम्हाला पाठवतो. तुम्ही १६चा घन करा, ४०९६. ३३ने भागा. बाकी ४! तुमचाच आकडा परत आला, आणि ७ मी उच्चारलासुद्धा नाही. कुणी १६ चोरून ऐकला तरी पुढच्या वेळी तुम्ही ५ विचाराल, तेव्हा उत्तर १४ लागेल.

३३चे अवयव कुणीही पाडेल आणि त्यांवरून ७ शोधेल, म्हणून प्रत्यक्षात ३३च्या जागी ६१७ अंकी संख्या असते. आकड्यावरही आधी आणखी संस्कार होतात. फोनमधली 'पासकी', म्हणजे पासवर्डाऐवजी लॉग-इन करायची सोय, याच धर्तीवर चालते, फक्त तिथे बहुधा लंबवर्तुळी वक्रांचं गणित असतं, ते इथे सोडतो. शिवाय उत्तरात संकेतस्थळाचा पत्ताही गुंफलेला असल्याने नकली साइटने मिळवलेलं उत्तर खऱ्या साइटवर चालत नाही.

पण यातून सिद्ध होतं ते एवढंच, की किल्ली, म्हणजे आपल्या ७सारखा लपवलेला आकडा, ज्या उपकरणात आहे त्यानेच उत्तर दिलं. ते कुणाच्या हातात आहे, हे गणिताला कळत नाही. किल्ली मुळात कुणाची, हेही एकदा गणिताबाहेर ठरवावं लागतं. सिग्नल किंवा व्हॉट्सॲपवर ६० अंकी सुरक्षा क्रमांक ताडून पाहायची सोय आहे ती त्यासाठीच, आणि तो समोरासमोर बसून ताडलेला उत्तम. घरच्यांनी ठरवलेला परवलीचा शब्द त्या मानाने कच्चा, कारण तो एकदा फोनवर उच्चारला की पासवर्डासारखाच फुटतो. वापरला की बदलावा. आणि पैसे मागणारा आवाज कितीही ओळखीचा वाटला, तरी फोन ठेवून आपल्याकडच्या जुन्या नंबरवर आपण स्वतः लावावा.