पार्श्वभूमी : मांड, चाल आणि उपचार

अपंग मुलांसाठी घोडेस्वारी म्हटलं की करमणूक किंवा विरंगुळा डोळ्यांसमोर येतो. पण तो एक उपचारही आहे, आणि त्याची वाट एका ऑलिंपिक पदकापासून रुंद झाली.

ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात (स्वाराच्या इशाऱ्यांवर घोड्याने ठरावीक चाली करून दाखवायच्या) पूर्वी फक्त लष्करी अधिकारी उतरू शकत. १९४८ साली सुवर्ण जिंकलेल्या स्वीडनच्या संघाचं पदक नंतर काढून घेतलं गेलं, कारण त्यातला एक स्वार त्या हुद्द्याचा नव्हता! १९५२ला हेलसिंकीत ही अट गेली, महिलांनाही प्रवेश मिळाला आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी रौप्य पटकावलं. १९४४मध्ये गरोदर असताना त्यांना पोलिओ झाला होता. गुडघ्यांखाली पायांत ताकद उरली नव्हती. घोड्यावर चढा-उतरायला दुसऱ्याचा आधार लागे. ड्रेसाजमध्ये घोड्याला इशारे द्यायचे ते मुख्यतः पायांनी. हार्टेल यांनी ते काम मांडीवर, पाठीवर आणि शरीराचा तोल हलवण्यावर घेतलं. १९५६मध्ये त्यांनी पुन्हा रौप्य मिळवलं.

हे यश पाहून युरोपात अपंगांना घोड्यावर बसवण्याच्या प्रयत्नांना जोर आला. १९६९मध्ये ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतही त्यासाठी राष्ट्रीय संघटना उभ्या राहिल्या. तिथे भर होता स्वारी शिकण्यावर.

जर्मन भाषक देशांतल्या फिजिओथेरपिस्टांनी मात्र वेगळा विचार केला, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. स्वार घोड्याला काय सांगतो यापेक्षा घोडा स्वाराच्या शरीराला काय देतो, हे त्यांनी पाहिलं. घोडा संथ चालतो तेव्हा पाठीवर बसलेल्याची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलते, थोडी वळतेही. जवळपास माणूस चालताना हलते तशीच. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूच्या इजेतून हालचालींवर ताबा न राहिल्यामुळे, कधीच न चाललेल्या मुलाला चालण्याची ही लय अशी मिळते. पाय फाकून बसल्याने मांड्यांच्या आतले ताठर स्नायू ताणले जातात, घोड्याच्या अंगाची ऊब त्यांना सैल करते. यालाच हिप्पोथेरपी म्हणतात. मेंदूची इजा त्याने भरून येत नाही. प्रयत्न असतो तो तोल आणि बसण्याची स्थिती सुधारण्याचा.

इथे लगाम मुलाच्या हाती नसतो. घोडा धरून चालवणारा वेगळा, मुलाच्या दोन्ही बाजूंना आधाराला माणसं, आणि कधी थांबायचं, कधी वळायचं हे ठरवणारा थेरपिस्ट. घोडा निवडतानाही वेग पाहत नाहीत. स्वभाव शांत आहे का आणि दोन्हीकडची पावलं सारखी पडतात का, हे पाहतात. घोडा लंगडत असेल तर तेच लंगडणं मुलाच्या कमरेपर्यंत पोचतं.