सिंहस्थ आला की जागेचे भाव दुप्पट होतात?

“सिंहस्थ जवळ आलाय, आत्ताच घेऊन ठेवा, भाव डबल होणार!” नाशिकमध्ये हे दर बारा वर्षांनी ऐकू येतं. त्यात तथ्य फार थोडं. कुंभासाठी रस्ते, पूल होतात, त्याचा लाभ लगतच्या जागांना मिळतो. पण भाविक काही फ्लॅट घ्यायला येत नाहीत. घर घेतो तो सातपूर-अंबडच्या कारखान्यातला पगारदार, किंवा मुलांच्या शिक्षणासाठी निफाड-सिन्नरहून शहरात येणारं कुटुंब. त्यांची मिळकत आणि गृहकर्जाचा व्याजदर, भाव ठरतो तो यावर. 2020 मध्ये सरकारने मुद्रांक शुल्क तात्पुरतं घटवलं आणि राज्यभर दस्त नोंदणीला झुंबड उडाली. तेव्हा कुठे कुंभ होता?

“जागेचा भाव कधी पडत नाही” हेही तसंच. 40 लाखांचा फ्लॅट सहा वर्षांनी 45 लाखांना विकला, तर फायदा झाल्यासारखं वाटतं. पण महागाई वर्षाला 6 टक्के धरा: तेवढीच किंमत टिकवायला साधारण 57 लाख यायला हवेत. कर्जाचं व्याज, मेंटेनन्स वेगळंच.

आणि तपोवनाकडचा स्वस्त प्लॉट कुणी दाखवला, तर टोकन देण्याआधी महापालिकेतून झोन दाखला (जागा कशासाठी राखीव आहे ते सांगणारा) काढाच. तिथे साधुग्रामचं, म्हणजे कुंभात येणाऱ्या साधूंच्या मुक्कामासाठीचं, आरक्षण आहे.