मेंढपाळाचा अधिकार आणि विखुरलेला कळप

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतला ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे, तरी त्याच्या बोलण्यातून दोन घरे लगेच ओळखू येतात. एका घरातली माणसे रविवारी ‘उपासने’ला जातात, ती चालवणाऱ्याला ‘पाळकसाहेब’ म्हणतात आणि ‘प्रभुभोजन’ घेतात. दुसऱ्या घरातली माणसे ‘मिस्सा’ला जातात आणि त्यांचे धर्मगुरू ‘फादर’ असतात. गंमत अशी, की ‘पाळक’ हा शब्द मराठीत प्रोटेस्टंटांकडे गेला, पण मेंढपाळाचे कर्तव्य हे कॅथलिक धर्मगुरूच्या पदाचेही मूळ आहे, आणि दुभंगलेल्या ख्रिस्ती समाजाच्या ऐक्याची काळजी वाहणे हा त्या कर्तव्याचा भाग असल्याचे आज कॅथलिक धर्मकायदाच सांगतो. मात्र तिथवर यायला फार काळ लागला.

माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातल्या वाचकाला मेंढपाळाची उपमा समजावून सांगावी लागत नाही. चारा संपला की धनगरांचे वाडे बाहेर पडतात, रात्री कुणाच्या तरी रानात वाघर लावून मेंढरे बसवली जातात, आणि वाटेत जन्मलेले कोकरू घोड्यावरच्या बिऱ्हाडात बसून पुढचा मुक्काम गाठते. बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याने आपल्या काळच्या पुढाऱ्यांना याच व्यवसायाच्या भाषेत फटकारले होते: मेंढरांची लोकर तुम्ही पांघरता, पण दुबळ्याला सांभाळत नाही, जखमीला पट्टी बांधत नाही, हरवलेल्याला शोधत नाही. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की कळप विखुरल्याचा दोष तो मेंढरांना नव्हे, तर मेंढपाळांना देतो. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती समाज दोनातिस्त पंथामुळे दुभंगलेला असताना हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी याच उताऱ्यावर दीर्घ प्रवचन दिले आणि फुटून गेलेल्यांच्या मागे जाऊन त्यांना शोधत राहणे हेही बिशपचेच काम ठरवले. पोप ग्रेगरी पहिले यांनी इ. स. ५९०च्या सुमारास पाळकीय कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला आणि तो युरोपात शतकानुशतके बिशपांच्या हाती राहिला.

ग्रंथ हाती राहिला, आचरण मात्र सुटत गेले. १०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे पश्चिमेकडचे लॅटिन आणि पूर्वेकडचे ग्रीक ख्रिस्ती, यांच्यात बहिष्कारांची देवाणघेवाण झाली. पुढे पश्चिमेत एकेका बिशपकडे दोन-दोन, तीन-तीन धर्मप्रांतांचे (बिशपच्या कारभाराच्या हद्दींचे) उत्पन्न जमा होऊ लागले, आणि त्यातल्या काहींनी आपल्या धर्मप्रांतात पाऊलही ठेवले नाही. १५१७ मध्ये जर्मन धर्मगुरू मार्टिन ल्यूथर यांनी वाद उपस्थित केला आणि त्यातून प्रोटेस्टंट वेगळे झाले, तेव्हा लोकांच्या मनात साचलेल्या रागाला हे एक मोठे कारण होते. कॅथलिक बाजूने याचे उत्तर ट्रेंट येथील धर्मपरिषदेने दिले. १५६३ मध्ये तिने दोन गोष्टी ठरवल्या: बिशप आणि धर्मगुरू यांनी आपल्या लोकांमध्येच राहिले पाहिजे, आणि भावी धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी सेमिनरी उघडल्या पाहिजेत. ऐक्य परत आले नाही. पण मेंढपाळाने मेंढरांजवळ असावे, ही साधी अपेक्षा निदान नियमात लिहिली गेली.

आपल्या भागात हा प्रश्न वेगळ्याच वाटेने आला, आणि तो कॅथलिकांच्या आपापसांतल्या भांडणातून आला. भारतासह पूर्वेकडच्या देशांतल्या कॅथलिक चर्चचा कारभार पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखाली चालत असे; त्या व्यवस्थेला पाद्रुआदो म्हणत. १६२२ मध्ये रोमने धर्मप्रसारासाठी ‘प्रोपागांदा फिदे’ हे स्वतंत्र खाते काढले आणि या खात्याने १६३७ मध्ये गोव्यातल्या दिवाडी बेटावरचे मातेउश दी काश्त्रु यांना बिशप करून आदिलशाही मुलखासाठी आपला प्रतिनिधी नेमले. तेव्हा वाई, सातारा, मिरज हा सगळा मुलूख विजापूरच्याच अंमलाखाली होता; म्हणजे कृष्णाकाठच्या या पट्ट्याचा रोमने थेट नेमलेला पहिला मेंढपाळ कोकणी घरातला होता. गोव्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांचा अधिकार मानला नाही आणि त्यांना आदिलशाहीतल्या डिचोलीत बस्तान बसवावे लागले. पाद्रुआदो आणि प्रोपागांदा यांचा हा झगडा पुढे जवळजवळ तीनशे वर्षे चालला. मुंबईत तर एकाच शहरात दोन बिशपांचा अंमल होता, आणि तो १९२८ च्या करारानंतरच संपला. सातारा ज्यात मोडतो तो पुणे धर्मप्रांत १८८६ मध्ये, भारतातल्या कॅथलिक धर्मप्रांतांची नवी घडी बसवताना, स्थापन झाला.

प्रोटेस्टंट मिशनांनी हा घोळ टाळण्यासाठी मुलूखच वाटून घेतला. सातारा-वाईकडे अमेरिकन मराठी मिशन आले आणि सांगली-मिरज-कोल्हापूरकडे प्रेस्बिटेरियन. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेले रुग्णालय हे याच दुसऱ्या प्रवाहाचे काम. त्यामुळे एखादे कुटुंब कोणत्या पंथाचे, हे पुष्कळदा श्रद्धेपेक्षा तालुक्यावर ठरले. हे उसने भेद इथल्या माणसांना खुपत नव्हते असे नाही. कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. १९१९ मध्ये टिळक वारले आणि तो प्रयत्न थांबला. मात्र साताऱ्याकडचे काँग्रिगेशनल (अमेरिकन मराठी मिशनचा पंथ) आणि सांगलीकडचे प्रेस्बिटेरियन यांच्या मंडळ्या १९२४ मध्ये एका छत्राखाली आल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ उभे राहिले.

कॅथलिक चर्च या हालचालींपासून दूर होते, आणि ते जाणूनबुजून. पोप पायस अकरावे यांनी जानेवारी १९२८ मध्ये कॅथलिकांना अशा आंतरपंथीय परिषदांत भाग घ्यायला मनाई केली. ज्या वर्षी रोमने मुंबईतले घरातले भांडण मिटवले, त्याच वर्षी शेजाऱ्याकडची खिडकी बंद केली, हा योगायोग मला नेहमी बोलका वाटतो. ती खिडकी उघडायला पोप जॉन तेविसावे यांना १९६० मध्ये ख्रिस्ती ऐक्यासाठी स्वतंत्र सचिवालय काढावे लागले. जगभरातल्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ऐक्याविषयीचा आदेश काढला. फूट पडली त्यात दोन्हीकडच्या माणसांचा दोष होता, हे तिने मान्य केले आणि इतर पंथांतल्या बाप्तिस्मा झालेल्यांना बंधू म्हटले. पुढल्या वर्षी बिशप आणि धर्मगुरू यांच्या कर्तव्यांवर दोन स्वतंत्र आदेश निघाले, आणि ७ डिसेंबर १९६५ रोजी १०५४ च्या बहिष्कारांवर दोन्ही बाजूंनी पडदा टाकला. माझ्या मते खरा बदल शब्दांत नव्हता, क्रमात होता: अधिकार कुणाचा, हा प्रश्न मागे गेला आणि काळजी कुणाची, हा पुढे आला.

१९८३ च्या धर्मकायद्यात हा क्रम बारकाईने उतरला आहे. गावच्या चर्चच्या मुख्य धर्मगुरूने आपल्या हद्दीतच राहावे, वर्षाला फार तर महिनाभर रजा घ्यावी, घरोघरी जाऊन कुटुंबांच्या अडचणी आणि दुःखे जाणून घ्यावीत, आजारी, गरीब आणि एकाकी माणसांना शोधून काढावे, असे तो सांगतो. कॅथलिक नसलेल्या ख्रिस्ती बांधवांशी माणुसकीने आणि प्रेमाने वागून ऐक्याला चालना द्यावी, हे तो बिशपच्या कर्तव्यांतच मोजतो. इथल्या व्यवहारात हे कलम लग्नाच्या वेळी हमखास समोर येते. मुलगी कॅथलिक आणि मुलगा प्रोटेस्टंट मंडळीचा असेल, तर बिशपची परवानगी लागते आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते करण्याचे वचन मुलीकडून घेतले जाते. मुलाला त्या वचनाची कल्पना दिली जाते, पण वचन द्यावे लागत नाही. मुलाचा बाप्तिस्मा विधिवत झालेला असेल, तर कॅथलिक होतानाही तो पुन्हा द्यायचा नाही, ही कायद्याची ताकीद धर्मगुरूला आहे.

मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. फादर आणि पाळकसाहेब १८ ते २५ जानेवारीच्या ऐक्य सप्ताहात शेजारी उभे राहून प्रार्थना करू शकतात, पण मिस्साच्या वेदीवर दोघांनी मिळून अर्पण करायला कायद्याची सक्त मनाई आहे. मात्र मिरजेच्या एखाद्या वॉर्डात प्रोटेस्टंट मंडळीतला रुग्ण शेवटच्या घटका मोजत असेल, त्याचा पाळक वेळेत पोचणे शक्य नसेल, आणि या संस्कारांविषयी कॅथलिक चर्चची श्रद्धा बाळगून त्याने स्वतःहून फादरकडे मागणी केली, तर फादर त्याला पापक्षमा, अंतिम तैलाभ्यंग आणि पवित्र भाकर देऊ शकतात.