नुसत्या फोनची फी कोण देणार?

अमेरिकेत डॉक्टर फोनवर पेशंटशी बोलला, औषध सांगितले, तर त्याचे पैसे विम्याने द्यायचे की नाही, या वादाला पंचवीस वर्षे होत आली. फोन-व्हिडिओवरून डॉक्टर गाठून देणाऱ्या व्हर्च्युअल केअर कंपन्यांचा जन्म याच वादाच्या फटीतून झाला. त्यामुळे फोनला विमा देणारा प्रत्येक कायदा त्यांच्या फायद्याचाच, असे धरून चालणे घाईचे ठरेल.

पासष्टीपुढच्या नागरिकांचा सरकारी विमा म्हणजे मेडिकेअर. २००० सालच्या कायद्याने मेडिकेअरला टेलिहेल्थचे, म्हणजे दुरून दिलेल्या सल्ल्याचे, पैसे देण्याची वाट करून दिली, पण अटींमुळे ती वाट असून नसल्यासारखीच होती. पेशंट ग्रामीण भागातला हवा, तो घरी नव्हे तर ठरावीक दवाखान्यात येऊन बसलेला हवा आणि डॉक्टर-पेशंट एकमेकांना पडद्यावर दिसायला हवेत. टेलिफोन, फॅक्स आणि ई-मेल यांना तर नियमांनी नाव घेऊन बाहेर ठेवले.

म्हणजे गल्लीतल्या डॉक्टरसाठी फोनवर सल्ला देणे फुकटचे काम. त्याने पेशंटला दवाखान्यात बोलावले तरच बिल लागणार. २००२ साली डॅलसमध्ये सुरू झालेल्या टेलाडॉकने नेमके हे हेरले. पेशंटने फोन करायचा, थोड्या वेळाने डॉक्टरचा उलट फोन येणार. पैसे मात्र मेडिकेअरकडे मागायचे नाहीत. मोठ्या मालकांकडून कामगारांमागे दरमहा वर्गणी घ्यायची. आज व्हिडिओ ॲपसाठी ओळखल्या जाणाऱ्या या धंद्याची सुरुवात साध्या फोनवर झाली, हे सहसा कुणाला आठवत नाही.

पहिली मोठी लढाई टेक्ससमध्ये झाली. आधी प्रत्यक्ष तपासल्याशिवाय औषध लिहून देता येणार नाही, असा नियम तिथल्या वैद्यकीय मंडळाने २०१५ मध्ये केला. टेलाडॉक स्पर्धा कायद्याखाली फेडरल कोर्टात गेली. मंडळावर बहुमत व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांचे, म्हणजे स्पर्धकच स्पर्धकाचे नियम ठरवतात, असा तिचा युक्तिवाद होता. मे महिन्यात नियमाला स्थगिती मिळाली आणि जुलैत कंपनी न्यूयॉर्क शेअर बाजारात उतरली. २०१७ मध्ये राज्याने कायदाच बदलला आणि प्रत्यक्ष भेटीची सक्ती गेली. पण त्याच कायद्यात एक ओळ होती: फक्त आवाजावर झालेल्या सल्ल्याचे पैसे देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर नाही. सल्ला द्यायला मुभा, पैशांची हमी मात्र नाही.

फोनबद्दलचा संशय अगदीच निराधार होता असेही नाही. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने कंबर-गुडघ्याच्या पट्ट्यांचा १.२ अब्ज डॉलरहून मोठा घोटाळा उघड केला. टेलिमेडिसिन कंपन्यांनी पैसे दिलेल्या डॉक्टरांनी पेशंटशी फोनवर जेमतेम बोलून, काही वेळा न बोलताच, हे पट्टे लिहून दिल्याचा आरोप होता.

मग कोविड आला आणि सगळे उलटेपालटे झाले. मार्च २०२०च्या अखेरीस मेडिकेअरने फोनवरच्या सल्ल्याला पैसे देणे सुरू केले. एप्रिलअखेर दरही वाढवले. साधारण १४ ते ४१ डॉलर होते, ते ४६ ते ११० झाले, म्हणजे दवाखान्यातल्या भेटीइतके. कैसर फॅमिली फाउंडेशन या आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने त्या वर्षीची आकडेवारी पाहिली तेव्हा टेलिहेल्थ वापरलेल्या मेडिकेअर लाभार्थींपैकी ५६ टक्क्यांनी फक्त फोनच वापरला होता. ज्या आजीला कॅमेरा लावता येत नव्हता, तिला फोन उचलता येत होता, इतके साधे कारण.

याच टप्प्यावर कंपन्यांचे गणित अवघड होते. ओळखीच्या डॉक्टरलाच फोनचे पूर्ण पैसे मिळू लागले, तर पेशंटने अनोळखी डॉक्टर कशाला गाठावा? राज्यांच्या कायद्यांतले बारीक शब्द इथे निर्णायक ठरतात. वॉशिंग्टन राज्याने २०२१ मध्ये फोनवरच्या सल्ल्याला प्रत्यक्ष भेटीइतका दर दिला, पण डॉक्टर-पेशंटचा संबंध आधीपासूनचा हवा, अशी अट घातली. ही अट स्थानिक दवाखान्याला सोयीची आणि पहिल्याच कॉलवर उभ्या असलेल्या कंपनीला अडचणीची.

मेडिकेअरच्या पैशांवर खासगी विमा कंपन्या चालवतात त्या मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजनांत पेचाची आणखी एक गाठ आहे. तिथे पेशंट जितका आजारी नोंदला जाईल तितके सरकार जास्त देते. व्हिडिओवर झालेले निदान या नोंदीत धरले जाते, नुसत्या फोनवरचे नाही. ते धरावे यासाठी टेरी सेवेल आणि गस बिलिराकिस या खासदारांनी प्रतिनिधिगृहात विधेयक आणले. तसे झाले तर या योजनांसाठी काम करणाऱ्या कंपन्यांच्या दृष्टीने फोनची किंमत एकदम वाढेल. निदाने फुगवण्याचा मोहही वाढेल, ही भीती मला खरी वाटते.

मधल्या काळात ग्रामीण भागाची आणि दवाखान्यात येण्याची अट शिथिल करणाऱ्या कोविडकालीन सवलती संसदेने पुन्हा पुन्हा थोड्या थोड्या मुदतीने पुढे ढकलल्या. २०२५च्या नियमांत मेडिकेअरने घरी असलेल्या पेशंटसाठी फोन मान्य केला, पण डॉक्टरकडे व्हिडिओची सोय हवी आणि पेशंटला तो जमत नसावा किंवा नको असावा. ग्रामीण भागाची जुनी अट कायमची काढणे मात्र संसदेच्याच हातात राहिले. ३० सप्टेंबर २०२५ला मुदत संपली, सरकारी कामकाज बंद पडले आणि १२ नोव्हेंबरला नवा कायदा होईपर्यंत शहरातल्या पेशंटच्या घरी केलेल्या बहुतेक कॉलचे पैसे मिळतील की नाही हे अधांतरी होते. मानसिक आरोग्यासाठीची सोय त्याआधीच कायमची झाली होती. त्यामुळे त्या ४३ दिवसांत एकाच आजीने नैराश्याबद्दल केलेला फोन विम्यात बसत होता आणि रक्तदाबाबद्दल केलेल्याचा भरवसा नव्हता.