साडेदहा तासांचा प्रश्न

जानेवारीतला मंगळवार घ्या. हिंजवडीतल्या एका डेव्हलपरला सकाळी अकरा वाजता शंका येते, की हे फील्ड, म्हणजे माहितीचा हा रकाना, रिकामं आलं तर चालतं का? उत्तर न्यू जर्सीतल्या सहकाऱ्याला ठाऊक आहे, पण तिथे रात्रीचे साडेबारा वाजलेत. ईमेल जातो. तिकडे सकाळी नऊला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला, तो वाचला जातो आणि उलट प्रश्न येतो, 'कुठलं फील्ड?' हा गडी तोवर घरच्या वाटेला लागलेला. बुधवारी सकाळी खुलासा, रात्री उत्तर. गुरुवारी काम पुढे सरकतं. तेच शेजारच्या खुर्चीत बसलेल्याला मान वळवून विचारलं असतं, तर मिनिटभराचं काम होतं.

या दिरंगाईचं नीट मोजमाप झालंय. ल्युसेंट या दूरसंचार कंपनीत जेम्स हर्ब्सलेब आणि ऑड्रिस मोकस यांनी सॉफ्टवेअरमधल्या बदलांच्या नोंदीच तपासल्या. कंपनीची कार्यालयं ब्रिटन, जर्मनी, भारत अशी विखुरलेली होती. 2003 साली त्यांनी निष्कर्ष मांडला : एकाहून अधिक ठिकाणच्या माणसांचे हात लागलेल्या बदलाला, एकाच ठिकाणी झालेल्या तशाच बदलापेक्षा सुमारे अडीच पट वेळ लागतो.

सगळं खापर घड्याळावर फोडायचा मोह होतो, पण नोंदी वेगळंच सांगत होत्या. विखुरलेल्या कामात माणसं जास्त गुंतलेली होती, आणि माणसांची संख्या हिशेबात धरल्यावर अंतराचा स्वतःचा असा परिणाम फारसा उरत नव्हता. असं का व्हावं? माझ्या मते, याची माहिती नेमकी कुणाला आहे हेच लांबून कळत नाही. मग चौघांना विचारावं लागतं, आणि चौघेही आपापल्या कामाच्या ढिगातून वेळ काढून उत्तर देतात.

त्याच कंपनीतल्या पाहणीतली एक गोष्ट मला या आकड्यापेक्षाही बोलकी वाटते. कामाचा ताण वाढला की दूरचे सहकारी जवळच्यांइतकी मदत करत नाहीत, अशी लोकांची तक्रार होती. स्वतःबद्दल विचारल्यावर मात्र उत्तर होतं, आम्ही दोघांनाही सारखीच मदत करतो. ऑनसाइट (ग्राहकाच्या देशात) आणि ऑफशोअर (इकडे, दूरवर) अशा दोन्ही बाजूंना बसलेल्या कुणालाही हे वाचून हसू येईल.

आणि 'दूर' म्हणजे तरी किती दूर? एमआयटीचे टॉमस अॅलन यांनी 1970च्या दशकात संशोधन प्रयोगशाळांमधल्या इंजिनिअरांच्या टेबलांमधलं अंतर आणि त्यांच्यातलं बोलणं यांची सांगड घातली. अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने घटतं, आणि साधारण 30 मीटरच्या पुढे ते इतकं कमी होतं, की मग आणखी दूर गेल्याने विशेष फरक पडत नाही. थोडक्यात, वरच्या मजल्यावरची टीमही बोलण्याच्या बाबतीत परगावीच असते. त्या काळी चॅट नव्हतं हे खरं. पण चॅटवरही आपण कुणाला पटकन हाक मारतो? ज्याच्यासोबत चहा प्यायलोय त्याला.

याच्या उलट उदाहरण विंडोज व्हिस्टाचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एका ऑपरेटिंग सिस्टिमचं. 2009 साली मायक्रोसॉफ्टच्या आणि विद्यापीठांतल्या संशोधकांनी विखुरलेल्या टीमने लिहिलेले आणि एकाच जागी लिहिलेले भाग ताडून पाहिले. बाजारात आल्यावर निघालेल्या दोषांमध्ये नगण्य फरक होता. त्याआधी, 2008 साली, व्हिस्टावरच्याच दुसऱ्या अभ्यासात आढळलं होतं, की कुठला भाग बिघडेल याचा अंदाज कोडच्या गुंतागुंतीवरून बांधण्यापेक्षा, तो लिहिणारी माणसं कंपनीच्या रचनेत कशी विभागलेली आहेत यावरून बांधला तर जास्त बरोबर येतो. किती जणांचे हात लागले, किती जण मध्येच सोडून गेले, सगळे ज्याला उत्तर देतात तो मॅनेजर किती वर बसलाय, असले ते प्रश्न. किलोमीटरचा संबंधच नाही.

म्हणून काम कुठे कापायचं, हा कळीचा मुद्दा. डिझाइन तिकडे, कोड इकडे, टेस्टिंग तिसरीकडे अशी वाटणी केली, की प्रत्येक छोट्या बदलाला तीन देशांची यात्रा घडते. अख्खं मॉड्यूल, म्हणजे सॉफ्टवेअरचा एक स्वतंत्र भाग, एका जागी दिलं, तर मंगळवारचे बहुतेक प्रश्न मंगळवारीच सुटतात. 'सूर्याबरोबर काम फिरवा, चोवीस तास कोड लिहून होईल' ही कल्पना कागदावर झकास दिसते. कॉल सेंटरमध्ये ती चालतेही, कारण तिथे एक फोन संपला की तो विषय संपतो. अर्धवट सुचलेलं कोड मात्र डोक्यात असतं, आणि डोकं पाळी संपल्यावर पुढच्याच्या हवाली करता येत नाही.

मग लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काय? 1991पासून जगभरची माणसं ते घडवताहेत. त्यातल्या कित्येकांनी एकमेकांची तोंडंही पाहिलेली नाहीत. तिथे चर्चा मुख्यतः लेखी आणि सर्वांसमोर होते, प्रत्येक भागाला राखणदार नेमलेला असतो, आणि बदल का केला हे बदलासोबतच लिहावं लागतं. लिनक्सचा जनक लिनस टॉरवल्ड्सने 2005 साली गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन बनवलं तेही याच कामासाठी. त्यात प्रत्येकाच्या संगणकावर प्रकल्पाचा पूर्ण इतिहास असतो, त्यामुळे 'हे असं का केलंय?' याचं उत्तर पुष्कळदा कुणाला झोपेतून न उठवता सापडतं.

अर्थात लिनक्सवाल्यांनी कुठल्या ग्राहकाला 'शुक्रवारी देतो' असा शब्द दिलेला नसतो. एखादा बदल पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबला तर थांबला. हिंजवडीतल्या आपल्या गड्याला ती चैन नाही. त्याचा शुक्रवार गुरुवारनंतर लगेच येतो.