तिवराचे पान

तिवर (अ‍ॅव्हिसेनिया मरिना) या खारफुटी झाडाचे पान. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर सर्वांत जास्त दिसणारे झाड हेच. ऐरोली पुलावरून जाताना दोन्ही बाजूंना जी राखाडी झाक असलेली हिरवळ पसरलेली दिसते, ती बहुतांशी तिवराच्या पानांची. पानाची रचना शिकवताना वर्गात जास्वंदीचे किंवा पिंपळाचे पान आणतात. ठाणे-नवी मुंबईतल्या मुलांना मात्र खाडीकाठी नेऊन तिवराचे पान दाखवावे, कारण पानाचा कोणता भाग कशासाठी असतो हे तिथे अधिक उघडपणे दिसते.

पाने समोरासमोर जोडीने येतात. देठ आखूड, पाते लंबगोल, टोकाकडे निमुळते, कडा अखंड, लांबी साधारण ५ ते १० सेंमी. हाताला पान चामड्यासारखे चिवट लागते. वरची बाजू गर्द हिरवी व तुकतुकीत, तर खालची राखी-पांढरी, दाट लव असलेली. वारा सुटला की पाने उलटतात आणि सगळे झाड पांढरट दिसू लागते. दुरून तिवर ओळखण्याची हीच सोपी खूण.

पान आडवे कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरले की वर मेणचट आवरण आणि बाह्यत्वचा दिसते. बहुतेक पानांत तिच्या लगेच खाली हरितद्रव्याने भरलेल्या उभ्या पेशींची रांग, म्हणजे स्तंभोतक असते. तिवरात मात्र या दोहोंच्या मध्ये रंगहीन पेशींचे अनेक थर येतात. पानाच्या जाडीचा बराच भाग त्यांनीच व्यापलेला असतो. हा पाण्याचा साठा आहे. पेशी पारदर्शक असल्याने ऊन त्यांतून खाली स्तंभोतकापर्यंत पोहोचते आणि प्रकाशसंश्लेषण अडत नाही. अळूचे पान तोडून ठेवले तर थोड्याच वेळात लुळे पडते. तिवराचे बराच काळ ताठ राहते, त्यामागे हा साठा आणि जाड आवरण आहे. स्तंभोतकाखाली स्पंजी ऊतक असते. त्यातल्या पोकळ्यांतून हवा खेळते. शिरांमधल्या जलवाहिन्या पाणी आणतात आणि रसवाहिन्या तयार झालेली साखर झाडभर नेतात.

पर्णरंध्रे, म्हणजे पानाची हवा आत-बाहेर करणारी बारीक छिद्रे, फक्त खालच्या बाजूला, लवेच्या आड असतात. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर रंध्रे उघडावी लागतात आणि ती उघडली की पाणी वाफ होऊन जाते. प्रत्येक पानाला ही अडचण असते. खाडीत ती कैक पटींनी वाढते. झाडाचे पाय पाण्यात असले तरी ते पाणी खारे असते. समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि असे पाणी ओढून घ्यायला मुळांना फार जोर लागतो. हा जोर पानातून होणाऱ्या बाष्पोच्छ्वासाच्या, म्हणजे पाणी वाफ होऊन जाण्याच्या, ओढीतून येतो. लव रंध्रांजवळची दमट हवा धरून ठेवते, त्यामुळे वाफ सावकाश जाते.

तिवराची मुळे ९० टक्क्यांहून अधिक मीठ बाहेरच अडवतात. उरलेले पाण्याबरोबर पानात येते. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. ते साचत गेले तर पान मरेल. यावर उपाय म्हणजे क्षारग्रंथी, आणि या पानातली सर्वांत पाहण्याजोगी गोष्ट तीच. त्या दोन्ही पृष्ठभागांवर असतात. वर बारीक खळग्यांत, खाली लवेत दडलेल्या. ग्रंथीच्या तळाच्या पेशी मीठ गोळा करतात, मधली देठपेशी ते पुढे पोहोचवते आणि माथ्यावरच्या पेशी बाहेर टाकतात. देठपेशीच्या बाजूच्या भिंती मेणचट द्रव्याने बंद केलेल्या असतात, म्हणून बाहेर गेलेले मीठ मागे झिरपत नाही. या कामाला ऊर्जा खर्च होते. उन्हाळ्यात दुपारी पानावर चमकणारे कण म्हणजे हेच वाळलेले मीठ. जिभेला लावले तर खारट लागते. पावसाळ्यात ते धुऊन जाते.

शेजारची सगळी झाडे हीच पद्धत वापरत नाहीत. काटेरी पानांच्या मारांडीला क्षारग्रंथी आहेत. चिप्पीला त्या नाहीत. ती जाड, मांसल पानांत मीठ साठवते. कांदळाची भिस्त मुळांच्या गाळणीवर असते.

म्हातारे पान पिवळे पडते. गळण्याआधी त्यातली नायट्रोजनसारखी पोषकद्रव्ये झाड फांदीत परत ओढून घेते. भरतीच्या पाण्यात काही पाने वाहून जातात, काही चिखलात रुततात. जीवाणू आणि बुरशी ती कुजवतात, खेकडे ओढून बिळात नेतात. या कुजलेल्या चुऱ्यावर कोळंबीची पिल्ले आणि चिखलातले बारीक जीव पोसले जातात, आणि त्यांच्यावर खाडीतले मासे.